पाटीची बाग

उघाडीवाल्या चाचांच्या मनगटावर दुबईचं सोनेरी घड्याळ होतं आणि ते कायम बंद असायचं. किती वाजले विचारलं की ते घड्याळाकडे नाही, खाडीकडे बघायचे. "पानी सुकाय लागला. तीन झालं असतील," म्हणायचे, आणि माझ्या चालत्या घड्याळात तीनला पाच कमी असायचे. मग हे घालता कशाला, असं मी एकदा विचारलंच. "पोरानं दिलाय. त्याला बरा वाटतो," चाचा म्हणाले आणि शर्टाच्या बाहीने त्याची काच पुसली.

नव्वदच्या दशकात मी रोह्याला शाळेत शिकवत होते. राहायला जवळच वरसे गावात, नवरा कंपनीत शिफ्टला. रविवारी तो झोपलेला असायचा, म्हणून मी मुलीला घेऊन एसटीने खाडीच्या मुखाकडे जायची. फाट्यावर उतरून बांधावरून वीस मिनिटं चाललं की समोर समुद्र उघडायचा. तिथे बांधाच्या बाहेर सुरूची पंधरा-वीस झाडं, केवड्याचं एक बन, मग कांदळ, मग चिखल, मग पाणी. आणि एक गंजकी पाटी : 'नियोजित सागरी उद्यान'. उद्यान म्हणून तिथे जे काय होतं ते एवढंच. सगळे त्याला पाटीची बाग म्हणत.

बाकडं नव्हतं, नळ नव्हता, भेळवाला नव्हता. तरी आम्हाला दिवस पुरायचा नाही. ओहोटीला चिखलावर निवट्या, ते चिखलातले मासे, उड्या मारत, लांब चोचींचे पक्षी टोचत टोचत चालत, आणि चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, बिळात काडी घालून माझी मुलगी तासन् तास पालथी पडलेली असायची. "बोट नको घालूस गो, ती चिंबोरी हाय, तुजी मावशी नाय," चाचा लांबूनच ओरडायचे. आठवडाभर वर्गात घसा कोरडा करून आलेल्या मला तिथे कोणी 'बाई, बाई' करत नव्हतं, हेच मोठं सुख होतं.

चाचांचं काम उघाडीचं. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध असतो आणि पावसाचं पाणी बाहेर पडावं म्हणून त्या बांधात लाकडी दार असतं, ती उघाडी. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं; भरतीला समुद्रच ते दार बाहेरून दाबून लावतो. बांध राखणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांची मिळून एक जोळ असते. त्या जोळीने चाचांच्या आजोबांपासून उघाडी त्यांच्या घराकडे दिली होती. गाळ काढायचा, फळ्या बदलायच्या, दारात अडकलेलं लाकूड ओढून काढायचं. भरतीत ते दार उघडता येतं का, असं मुलीने विचारलं तेव्हा चाचांनी तिला चढत्या पाण्याच्या वेळी बांधावर नेलं आणि दोर हातात दिला. "वढ." ती ओढून ओढून लाल झाली, मग मी हात लावला, दार तसूभर हललं नाही. "दर्याशी कुस्ती नाय खेलायची," चाचा म्हणाले. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे याच्यावरच सगळं आलं.

मधली सात वर्षं ते दुबईला होते, आणि काम काय, तर समुद्रकाठच्या बागेत गवताला पाणी मारणं. त्या बागेची त्यांना मनापासून चीड होती. "गवताला रोज आंगोल घालायची, आनि त्याच्यावर पाय ठेवला त शिट्टी. मंग ता गवत कोनाला?" असं म्हणून ते आमच्या सुरूच्या गळून पडलेल्या पिसांवर सरळ आडवे व्हायचे. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हतं. दुबईच्या मुलाला पत्रं मीच लिहून द्यायची, तिथेच सुरूखाली, पाठीला झाड आणि मांडीवर मुलीची पाटी घेऊन.

त्या बदल्यात त्यांनी मला भरतीचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ते चांदाने मोजायचे, मी तिथीने, उत्तर एकच. "पुनवेला सव्वाअकराला पानी भरून येतो, आनि उधानाचा येतो. ता लक्षात ठेवा, बाई," ते म्हणायचे. मी पुढे ते वर्गातसुद्धा शिकवलं. गणिताच्या बाई म्हणून मिरवले. आणि वेळेला तेच गणित केलं नाही.

कारण माझं अक्षर चांगलं. पेणच्या आणि रोह्याच्या चार हौशी मंडळींनी उद्यान समिती काढली आणि अर्ज लिहायला माझ्याकडे आली. 'सदर जागा पडीक व दुर्लक्षित असून तिचा विकास होणे गरजेचे आहे.' पडीक! ज्या जागेने माझे रविवार राखले तिला मी माझ्या वळणदार अक्षरात पडीक लिहिलं. मला वाटलं, चार बाकडी येतील, एक नळ येईल. आलं काय? केवड्याचं बन साफ तोडलं, साप असतात म्हणून. कांदळावर भराव टाकला. वर सिमेंटचे दोन पेंग्विन आणून उभे केले, कचरा टाकायला चोच वासलेले. कोकणच्या किनाऱ्यावर पेंग्विन! आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

उद्घाटनाला मुहूर्त हवा. भटजींनी वैशाखी पौर्णिमा काढून दिली, सकाळी अकरा पंचवीस. निमंत्रणपत्रिका मीच लिहिली. तिथी लिहिली, वेळ लिहिली, आणि पाऊणपट केली नाही. चाचा मात्र आठ दिवस अध्यक्षांच्या दारात जाऊन सांगत होते, "सायेब, मांडव बांधाच्या आत घाला. पुनवेचा पानी हाय." अध्यक्ष म्हणाले, "चाचा, मुहूर्त आहे तो. समुद्राला विचारून काढतात का?" मंडळी हसली. ज्यांच्या बापजाद्यांनी तो बांध घातला होता तीही हसली.

पाणी सव्वाअकराला आलं. आधी गालिच्याची कड भिजली, मग खुर्च्यांचे पाय, मग पाहुण्यांचे बूट. फीत कापायची कात्री ताटासकट तरंगत गेली. भरावाची माती कढीसारखी झाली आणि एक पेंग्विन तोंडावर आपटला. चाचा माझ्या शेजारी बांधावर उभे होते. हसले नाहीत. "पाव्हन्यांना पयले वर घ्या," एवढंच म्हणाले आणि खाली उतरून बायकापोरांना हात देऊ लागले.

चार दिवसांनी आमच्या शाळेत समितीची आणि जोळीच्या पंचांची बैठक झाली. आपण मूर्ख ठरलो हे अध्यक्षांना कबूल करायचं नव्हतं, म्हणून चोर शोधला गेला. चाचांनी राग धरून उघाडी उघडली आणि आतल्या शेतांचं पाणी बाहेरच्या मांडवात सोडलं, असं ठरलं. वैशाखात! शेतात ढेकळं तापलेली असताना! भरतीत ते दार दहा माणसांना हलत नाही, हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ होतं. सगळे जमिनीकडे बघत बसले. चाचा दाराशी उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

मी इतिवृत्त लिहीत होते. 'ते माझ्या शेजारी उभे होते', पाच शब्द बोलायचे होते. पण मुख्याध्यापक समितीत होते, माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती, आणि अर्ज कोणी लिहिला हे चाचांसमोर निघालं असतं. मी खाली मान घालून लिहिलं : 'उघाडी उघडल्याने पाणी शिरले. सबब उघाडीचे काम त्यांच्याकडून काढून घेण्यात येत आहे.' एकही खाडाखोड नाही. त्या समितीचा मला संताप आहे, त्या गप्प बसलेल्या पंचांचा आहे, पण त्या स्वच्छ कागदाचा जेवढा आहे तेवढा कशाचाच नाही.

पुढच्या रविवारी मी जाणार नव्हते. मुलीने ओढत नेलं. चाचा सुरूखाली बसले होते, हातात दुबईच्या पत्राचा निळा कागद. नेहमीसारखी जागा करून दिली.

"लिवा. मी येतो म्हनावं. आता हितं काय काम नाय."

मी लिहिलं.

"तुमचा अक्षर लय सुंदर हाय, बाई," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "मला वाचता नाय येत, पर वलन मी वलखतो. अर्जाचा बी वलखला व्हता, पंचांनी दावला तवा. अक्षर चांगला असला की लोकं कायबी लिवून घेतात."

मी रडत रडत पत्राच्या शेवटी स्वतःहून एक ओळ घातली आणि त्यांना वाचून दाखवली : 'उघाडी तुमच्या वडिलांनी उघडली नव्हती. ते माझ्या शेजारी उभे होते.'

चाचांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला.

"हा तिकडं कशाला धाडता, बाई?" ते म्हणाले. "माजा पोरगा मला वलखतो. हा हितं लिवायचा व्हता."