माझं अख्खं घर एका दुपारी ‘गेलं’

सगळ्यात आधी तबस्सुम मॅडमचं नाव घेतो. कारण माझ्या घरची अकरा माणसं मी एका फटक्यात मारली, आणि मॅडमनी ती सात मिनिटांत जिवंत केली. (बकरी धरून बारा.)

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. गाव राज्याच्या पार पूर्व टोकाला, गोरेगाव तालुक्यात, नोकरी पुण्यात. एका सॉफ्टवेअर कंपनीत चहा-कॉफीचं बघतो. कंपनी नेमकं काय बनवते ते मला दोन वर्षं माहीत नव्हतं. विचारायची भीती! शेवटी तिथल्या इंजिनिअर तबस्सुम मॅडमनीच एक दिवस सांगितलं. विकी म्हणजे अशी वेबसाइट, जिचं पान कोणीही उघडावं, त्यात लिहावं, दुसऱ्यानं लिहिलेलं सुधारावं.

"पण आम्ही विकी बनवत नाही," मॅडम म्हणाल्या. "विकी बांधायची हत्यारं बनवतो."

मग लगेच डोक्यात शिरलं. गवंड्याची थैली! थापी, ओळंबा, दोरी कंपनीची, घर ज्याचं त्यानं बांधायचं.

"तूही बांध की एक," मॅडम म्हणाल्या.

तेव्हा माझ्या बहिणीचं, रंजूचं लग्न सालेकशाला ठरलं होतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आठ दिवसांवर आणि मी हजारेक किलोमीटरवर. आईला फोन केला की ती म्हणायची, "सगळं होऊन राहिलं, तू काळजी नोको करू." हे ऐकलं की माझी काळजी दुप्पट व्हायची. म्हणून मॅडमनी जेवणाच्या सुट्टीत बसून आमच्या घराचा विकी बांधून दिला. माणशी एक पान. वर फोटो, खाली ‘आजचं काम’. रंजू बी.ए. झालेली, ती मोबाइलवरून रोज सगळ्यांचं भरायची. मी इवायांनाही, म्हणजे होणाऱ्या व्याह्यांनाही, लिंक पाठवली. पोरगी किती सुधारलेल्या घरातून येते ते त्यांना कळावं! (घमेंड. दुसरं काही नाही.)

त्यात मॅडमनी एक नियम लिहिला होता. पानात ‘मामा’ हा शब्द आला की ते पान आपोआप मामांच्या यादीत जातं. एवढीच एक ओळ. आणि दुसऱ्याच दिवशी बाबांचा फोन आला.

"काऊन रे गुड्डू, तुह्या साइटवर आपला बुढा जित्या मानसायमंधी काऊन बसून राहिला? त्याले जाऊन चार वर्सं झाली!"

बरोबर होतं. आजोबांना वेगळी, मानाची जागा पाहिजे. मॅडम मीटिंगमध्ये होत्या. मी त्यांची मामांची ओळ जशीच्या तशी उतरवली आणि ‘मामा’च्या जागी लिहिलं ‘गेले’. पानात ‘गेले’ आलं की फोटोला झेंडूचा हार, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मग वाटलं, आजी पण वारलेली आहे, म्हणून ‘गेली’ टाकलं. धाकटा काकाही वारलेला आहे, म्हणून ‘गेला’ टाकलं. (शाळा सोडली म्हणून काय झालं? व्याकरण पक्कं!) आजोबांच्या पानावर ‘चार वर्षांपूर्वी गेले’ हे होतंच, त्यांच्या फोटोला हार चढला. माझे डोळे भरून आले. कोणाला न विचारता आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सालेकशाहून इवायांचा फोन. आवाज फाटलेला.

"गुड्डू... रंजू गेली?"

"हो काकाजी, गेली ना. सकाळीच."

"अरे बाप्पा! काऊन गेली?"

"ब्लाउज ढिला होता."



"ब्लाउज ढिला होता मनून पोरगी गेली?"

"मग! साक्षगंधात तसाच घालणार का?"

"एकटीच गेली?"

"नाही, बाबा पण गेले. एकाच मोटरसायकलवर."

तिकडे कोणीतरी हंबरडा फोडला. मला वाटलं, टीव्ही चालू असेल.

"आनं मोठी आई?" त्यांनी माझ्या मोठ्या काकूचं विचारलं.

"ती तर पहाटेच गेली. जंगलात. तेंदूपत्त्याचे दिवस ना."

"गुड्डू, तू असा कसा शांत बोलून राहिला बे?"

"त्यात काय काकाजी? लगीनघर आहे. आज अख्खं घर जाऊन राहिलं!"

फोन कट.

मला जरा चमत्कारिक वाटलं. साइट उघडली. आणि हातातला ट्रे तिथंच ठेवला. (ठेवला म्हणजे पडला.)

बाबा, गोरेगावच्या बाजारात गेले. हार! आई, चक्कीवर गेली. हार! मोठी आई, तेंदूपत्त्याला गेली. हार! आमची बकरी चरायला गेली, तर तिच्याही शिंगांवर झेंडू! ‘आपलं घर’ नावाच्या पानावर रंजूनं फक्त एवढंच लिहिलं होतं, ‘सकाळपासून लाईट गेली.’ झालं! अख्ख्या घराला भावपूर्ण श्रद्धांजली! आणि सगळ्यात खाली मी. ‘गुड्डू दादा पुण्याले गेला.’ माझा तो आधार कार्डासारखा फोटो हारात जरा बरा दिसत होता, पण त्याचा आनंद घ्यायची ती वेळ नव्हती.

मी इवायांना फोन लावला. उचलेना. दहादा लावला. उचलेना. तासाभरानं रंजूचाच फोन आला.

"दादा! इवाई आले! जीप भरून! पांढरे कपडे घालून, हार घेऊन!"

"कोणासाठी?"

"माह्यासाठी!"

ती नुकतीच गोरेगावहून परत येऊन, ब्लाउजची पिशवी हातात घेऊन, बाबांच्या मोटरसायकलवरून उतरली होती. तिला बघून नवरदेव दोन पावलं मागे सरकला आणि मागच्या शेणाच्या उकिरड्यात बसला. आईनं सवयीनं सगळ्यांना पाणी विचारलं. कोणी ग्लासाला हात लावेना. (मेलेल्या बाईच्या हातचं पाणी कसं प्यायचं?) इथवर मला हसू येत होतं. मग रंजूचा आवाज बदलला.

"दादा, त्यायची आजी मनते, जिच्या नावाचा हार आनला ते पोरगी घरात कशी घेऊ? मनते, अपशकून झाला, साक्षगंध मोडा. दादा, आई रडून राहिली."

मॅडम त्या दिवशीही मीटिंगमध्ये होत्या. मी दार ढकललं. न ठोकता. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"मॅडम! माझं सगळं घर गेलं!"

आठ माणसं खुर्च्या सरकवून उभी राहिली. एका साहेबानं मला धरून बसवलं, दुसऱ्यानं पाणी दिलं. तबस्सुम मॅडमनी मात्र विचारलं, "गेलं म्हणजे?"

"हार चढला!"

त्यांनी लॅपटॉप ओढला, नियम बघितला आणि ओठ दाबून धरले.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच."

"चाचणी केली होतीस?"

"आजोबांवर केली. बरोबर आलं होतं."

मॅडमनी एक शब्द रागाचा काढला नाही. विकीत प्रत्येक बदलाची नोंद राहते, त्याला ‘इतिहास’ म्हणतात. तो उघडून त्यांनी माझी ओळ मागे घेतली. एकेकाचा हार उतरत गेला. बाबा जिवंत. आई जिवंत. रंजू जिवंत. बकरी जिवंत. सात मिनिटं! मी समोर हात जोडून उभा.

"पण आजी ऐकत नाही मॅडम. अपशकून म्हणते."

मॅडमनी क्षणभर विचार केला. "बहिणीला सांग, इतिहासाचं पान उघड आणि आजींना मोठ्यानं वाचून दाखव."

रंजूनं फोन चालू ठेवूनच वाचलं. "काल दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. बदल करनारा, गुड्डू. बदल काय, तं गेला, गेली, गेले आलं की श्रद्धांजली."

तिकडून आजीचा आवाज आला.

"मंजे, हे यमानं नाही केलं?"

"नाही आजी. दादानं केलं."

"मंग अपशकून कायचा वं बाई? हा तं बेअक्कलपना आहे!" आणि पाठोपाठ, "तुह्यात तं नाही ना तो?"

"नाही आजी! मी बी.ए. आहे."

"मंग चाय मांड."

मी इकडे भिंतीला टेकून खाली बसलो. जन्मात पहिल्यांदा माझ्या बेअकलीनं कोणाचं तरी भलं केलं होतं. इवायांनी आणलेले हार वाया जाऊ नयेत म्हणून बाबांनी ते आजोबांच्या खऱ्या फोटोला घातले. साक्षगंध ठरल्या दिवशी झालं. नवरदेव रंजूला अंगठी घालताना आधी तिचं बोट जरा दाबून बघत होता म्हणतात.

मॅडमचं मी काय फेडणार? बाबा म्हणतात, नव्या तांदळाची चुंगडी, म्हणजे पोतं, पाठवू. मॅडम म्हणतात, ट्रे न पाडता चहा आणलास तरी पुष्कळ. पण मी शब्द दिला आहे आणि तो विसरू नये म्हणून विकीवर माझ्या पानावर लिहूनही ठेवला, ‘मॅडमचे उपकार फेडल्याशिवाय गुड्डू राहणार नाही.’

दुसऱ्या दिवशी उघडून बघतो तर माझ्या फोटोला परत हार! घाईघाईनं इतिहास उघडला. नियम-बियम काही नव्हता. बदल करणारी, रंजू. कारण, ‘तूच लिहिलं ना, राहणार नाही मनून!’

हार मी काढलेला नाही. मॅडम, तुमचं ज्या दिवशी फेडीन, त्याच दिवशी काढीन. तोवर मी कैलासवासीच बरा.