मालतीच्या फियाटला नवा गिअर

मी भित्रा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. छत्तीस वर्षं मी सोलापुरात मुलांना भूगोल शिकवला, पण स्वतःला सायकलच्या पुढे काही चालवता आलं नाही. आमच्या घरात गाडी चालवते ती माझी बायको, मालती. पंच्याण्णव साली तिनं एका डॉक्टरांची जुनी फियाट घेतली, तीही मला न विचारता, आणि तिच्यातून रोज मंद्रूपच्या सरकारी कचेरीत जायला लागली. बाजाराच्या दिवशी परत येताना रस्त्यात हात करणाऱ्या बायांना ती गाडीत घ्यायची. एकदा केराबाई नावाची धनगरीण दोन कोकरं घेऊन मागच्या सीटवर बसून आली होती. सीटवरच्या लेंड्या दुसऱ्या दिवशी मी झाडल्या, आणि नीट झाडल्या नाहीत हेही मीच ऐकून घेतलं.

या गाडीत माझी कामं दोन. थर्मास सांभाळायचा, आणि गाडी मागं घ्यायची असली की उतरून मागं उभं राहायचं. मी हात हलवत 'येऊ दे, येऊ दे' म्हणायचं आणि मालतीनं मान न वळवता यायचं. तीस वर्षांत मागच्या बाजूला एक ओरखडा नाही. याचं श्रेय मी कुणालाही वाटून देणार नाही.

गेल्या वर्षी तिचा डावा खांदा आखडला. आमच्या फियाटचा गिअर खाली नव्हता. स्टिअरिंगच्या खालून डाव्या अंगाला एक दांडा निघायचा, आणि दर वेळी हात वर नेऊन तो ओढावा लागायचा. विजापूर रोडला पुढे उसाचा ट्रॅक्टर आला, गिअर उतरवायला हवा होता, आणि तिचा हात वर गेलाच नाही. मग तिनं उजवा हात पलीकडे नेऊन गिअर टाकला. तेवढा वेळ स्टिअरिंगवर कुणाचाच हात नव्हता. दोन सेकंद असतील. ते दोन सेकंद मला अजून जेवताना आठवतात आणि घास तोंडातल्या तोंडात फिरतो.

त्यानंतर गाडी आठ महिने दारात उभी होती. मालती संध्याकाळी जाऊन तिच्यात बसायची आणि दार लावून घेऊन पेपर वाचायची. मला वाईट वाटायचं. पण खरं सांगायचं तर त्या आठ महिन्यांत मला झोप छान लागली. आमची मुलगी उर्वी पुण्याहून म्हणाली, बिनगिअरची नवी गाडी घेऊन टाका. "गिअर गाडीच टाकणार, मग मी काय नुसती बसू?" असं मालतीनं विचारलं, आणि तो विषय तिथंच मिटला.

तिनंच मग भवानी पेठेतला गुरुसिद्धप्पा मिस्त्री शोधून काढला. त्यानं सांगितलं की नव्या पिकअपचा पाच गिअरचा बॉक्स फियाटला बसवता येतो. दांडा खाली येईल, दोन सीटच्या मधे, हात खांद्यापर्यंत न्यायचं कामच नाही. मात्र त्यासाठी गाडीचा पत्रा मधोमध कापावा लागणार होता आणि पुढची सलग सीट चिरून दोन कराव्या लागणार होत्या. "एकदा कापलं की पैल्यासारकं व्हत न्हाय, बाई," तो म्हणाला. मालतीनं कापा म्हणून सांगितलं. साडीला ब्लाउजपीस निवडताना ती याहून जास्त वेळ घेते.

पत्रा कापायच्या आदल्या दिवशी मी भाजीला म्हणून निघालो आणि गॅरेजात गेलो. कापायची जागा पत्र्यावर खडूनं आखून ठेवली होती. गुरुसिद्धप्पाला बाजूला घेऊन म्हणालो, तिला सांग की बॉक्स बसत नाही. त्यानं फडक्याला हात पुसले.

"बसतंय की ते, सर. भाव सांगताना मी लई खोटं बोलतो. कामात न्हाय बोलत."

मी वांगी घेऊन घरी आलो.

काम तेवीस दिवस चाललं. इंजिनाचे आणि नव्या बॉक्सचे बोल्ट जुळेनात, म्हणून मधे बसवायला एक जाड चकती लेथवर करून आणली. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लांब पडला, तो कापून पुन्हा जोडला. मी रोज जाऊन बघायचो आणि रोज नवी काळजी घेऊन यायचो. हा शाफ्ट रस्त्यात तुटला तर? मालती मात्र घरी लोणच्याच्या बरणीत कालथा उभा करून गिअर टाकायचा सराव करायची. दांडा हलका डावीकडे नेऊन वर केला की पहिला गिअर, पण जास्त रेटला तर शेजारचा रिव्हर्स पडतो, हे गुरुसिद्धप्पानं तिला तीनदा बजावलं होतं. तीस वर्षं कडक दांडा ओढलेला तिचा हात. तो कालथासुद्धा रेटतच होता, आणि मी ते बघत होतो.

गाडी न्यायच्या दिवशी गुरुसिद्धप्पानं बोनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि रीतीप्रमाणे पुढच्या दोन्ही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. लिंबं चिरडत गाडी पुढं निघायची. पुढं थांबायचा मला धीर होईना, म्हणून मी मागं जाऊन भिंतीशी उभा राहिलो. मागं उभं राहायची मला सवयच होती.

मालतीनं गाडी सुरू केली, दांडा रेटला आणि गाडी मागं हलली. मला ते स्वच्छ दिसलं. पण माझा हात आपोआप वर गेला आणि तोंड म्हणायला लागलं, येऊ दे, येऊ दे. उलटं चाललंय हे आत कळत होतं, तरी तोंड थांबेना. गाडी येत राहिली. बंपर गुडघ्यांना लागला, पाठीला भिंत लागली, आणि गुरुसिद्धप्पानं खिडकीवर थाप मारून ब्रेक, ब्रेक म्हणून आरडाओरडा केला. गाडी थांबली तेव्हा मी मधे अगदी मापात बसलो होतो.

मालतीनं गुरुसिद्धप्पाकडून गाडी हातभर पुढं ढकलून घेतली आणि खाली उतरली. तिचा चेहरा उतरला होता. रिव्हर्स पडला होता, असं मी कसंबसं म्हणालो.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही येऊ दे म्हणालात. मला वाटलं, तुम्ही बघताय."

मग तिनं किल्ली गुरुसिद्धप्पाच्या हातावर ठेवली आणि गाडी विकून टाका म्हणाली. मला हवं होतं ते न मागता मिळालं होतं. रिक्षा करायची, घरी जायचं आणि शांत झोपायचं. गुरुसिद्धप्पा माझ्याकडे बघत होता. मला माझीच भयंकर लाज वाटली.

मी त्याच्या हातातून किल्ली घेतली. मालतीला सांगितलं, की मी मागं एकदा इथं येऊन गेलोय, बॉक्स बसत नाही असं तुला सांगायला याला म्हणालोय. मग तिनं किल्ली घेतली आणि आत जाऊन बसली.

लिंबं तशीच होती. मी गाडीच्या पुढं गेलो आणि चार पावलांवर तिच्याकडे तोंड करून उभा राहिलो. काचेतून मला दिसलं की या वेळी तिनं दांडा दोन बोटांनी धरलाय. मी हात वर केला.

"येऊ दे," म्हणालो.

लिंबं फुटली. ती माझ्याकडे बघत हळूहळू येत राहिली, आणि मी उलटा चालत गल्लीच्या तोंडापर्यंत येऊ दे, येऊ दे म्हणत गेलो.