बिनआगीची काकवी

दुबईला निघालो तेव्हा पिशवीत तीन किलो गूळ होता आणि डोक्यात त्याहून जास्त घमेंड. मी गुळव्या. कागलजवळच्या आमच्या गुऱ्हाळावर चाळीस हंगाम काहिलीपाशी उभा राहिलो. रस कधी उतरवायचा ते नुसत्या बुडबुड्यांवरून सांगतो. चाळीस हंगामांत माझ्या हातचं एकच आदण करपलं, आणि तेही चुलवाणात चिपाड घालणाऱ्या गुंडूनं जाळ वाढवला म्हणून. निदान गेली बारा वर्षं मी सगळ्यांना असंच सांगत आलो होतो. गुंडू त्याच आठवड्यात गुऱ्हाळ सोडून वीटभट्टीवर गेला.

माझा मुलगा विकास अल कुसैसला राहतो आणि रास अल खोरच्या फळांच्या घाऊक बाजारात नोकरी करतो. सप्टेंबर संपत आला होता, तरी बाहेर पाऊल टाकलं की चुलवाणाचं तोंड उघडल्यासारखी धग. आठ दिवस मी एसीत बसून भिंती मोजल्या. नवव्या दिवशी नाष्ट्याला सूनबाईनं चपातीवर काळसर काहीतरी घातलं. चाखलं आणि ताठ बसलो.

“ही काकवी कुठली रे?”

“आबा, उसाची नाही ती. खजुराची. इथं दिब्स म्हणतात,” विकास म्हणाला. “जुन्या पद्धतीची आहे. उकळत नाहीत म्हणे.”

“न उकळता काकवी? कुणाला शेंड्या लावतोस?”

“आबा, जस्ट गूगल इट,” आठ वर्षांची नात ईरा ताटातून मान वर न करता म्हणाली.

गूगल कसलं करतोय! मला डोळ्यांनी बघायचं होतं. विकासच्या बाजारात खजूर घेऊन येणारा दत्ताराम नावाचा लांज्याचा माणूस होता, त्याच्याच बागेतली ती काकवी. गुरुवारी विकासनं मला गुळाच्या पिशवीसकट गाडीत घातलं. शहर संपलं तशी तांबडी वाळू लागली, मग अंगाला अंग लावून उभे उंट, आणि तासाभरानं धैद गावाच्या अलीकडे एकदम हिरवंगार. माडासारखी उंच खजुराची झाडं आणि त्यांच्या सावलीत भेंडी, वांगी. विकास मला सोडून परतला. शुक्रवारी संध्याकाळी न्यायला येणार होता.

दत्ताराम पन्नाशीचा, काटकुळा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. एकोणीस वर्षं याच बागेत. “या काका, आधी जेवून घ्या,” म्हणाला आणि कुळथाची पिठी नि भात वाढला. वाळवंटात कुळीथ! गावाहून येताना दर खेपेला पाच किलो आणतो म्हणे. दोनदा भात मागून घेतला, खोटं कशाला बोलू.

मग त्यानं मदबसा (काकवी गाळायची खोली) दाखवली. जाड मातीच्या भिंती, खिडकी नाही, दार बुटकं. जमिनीवर आपल्या सरी-वरंब्यासारख्या गिलाव्याच्या सऱ्या, सगळ्यांचा उतार एका कोपऱ्याकडे. वरंब्यांवर झावळ्यांच्या पात्यांनी विणलेली खजुराची पोती, पार छतापर्यंत रचलेली. वरच्या पोत्यांचा भार खालच्यांवर, त्यात बंद खोलीतली उष्णता. बस्स. एवढ्यावर खजूर आपोआप पाझरतो, सरीतून वाहतो आणि कोपऱ्यातल्या खड्ड्यात पुरलेल्या रांजणात थेंब थेंब पडतो. चूल नाही, काहील नाही, गुळव्यासुद्धा नाही. मला थोडा रागच आला.

“ही खोली यंदा शेवटचीच दिसते, काका,” दत्ताराम बाहेर येऊन म्हणाला. बागेचे मालक म्हातारेबाबा, नजर गेलेली. कारभार मुलाकडे आलेला. त्याला खोली पाडून तिथं पोहायचा तलाव करायचा होता, सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. “उद्या नमाजानंतर दोघं येणार हायत. बाबा चव घेतील. बाबांच्या वडलांच्या येळची चव आली तर खोली राहील, नाय तर खलास. आनि खोली गेली की माझंबी इथं काय काम? तलावाला माळी कशाला लागतो?”

हसत म्हणाला, पण टॉवेलनं तीनदा तोंड पुसलं.

शुक्रवारी सकाळी त्यानं रांजणातली सगळी काकवी एका पातेल्यात काढली. मी डाव बुडवून वर धरला. पाण्यासारखी धार!

“अरे दत्ताराम, ही तर रसच आहे अजून. पातळ.”

“गरम हाय म्हणून, काका. थंड झाली का दाट होते. हिला आग दाखवीत नायत.”

“आग दाखवल्याशिवाय कधी पाक आलाय का? चाळीस हंगाम काढलेत मी. तू बिनघोर जा पाणी सोडायला.”

तो घुटमळला. पण मी वडीलधारा माणूस, त्यातून पाहुणा. मला काय बोलणार? गेला बिचारा पंपाकडे. मी तीन दगड मांडले, वाळक्या झावळ्या पेटवल्या आणि पातेलं चढवलं. त्याच्याच वाफ्यातली भेंडी ठेचून तिचं पाणी सोडलं, कारण उसाच्या रसाची मळी तशीच वर येते. मळी आली तशी काढली. बुडबुडे मोठे झाले. थेंब पाण्यात टाकला तर गोळी झाली. काय सांगू, हात नुसते शिवशिवत होते माझे! वाटलं, या लोकांना आज दाखवतो काकवी काय असते ती.

उतरवलं आणि सावलीत ठेवलं. अर्ध्या तासानं बघतो तर डाव मधोमध उभा. ओढला तर पातेलं वर येतंय. ढेपही होईना, काकवीही राहीना. दाताला चिकटेल असा काळा चिक्कट गोळा, आणि वर करपल्याचा वास. दत्ताराम आला, पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसला. त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात गाडी वाजली.

मुलानं बाबांना हाताला धरून आणलं. बाबांनी पातेल्यात बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मग जुन्या मोडक्या हिंदीत म्हणाले, “इसमें आग है.”

“खलास,” मुलगा म्हणाला. “मैं बोला था, बाबा.”

दत्ताराम उठला, हात जोडले. “मेरी गलती है, बाबा. मैंने गरम किया.”

असाच एक माणूस बारा वर्षांपूर्वी काहिलीपलीकडे मान खाली घालून उभा होता. ते आदण गुंडूनं जाळलं नव्हतं. माझा डोळा लागला होता. ऊसवाला शेतकरी ओरडायला लागल्यावर मी गुंडूकडे बोट दाखवलं, आणि तो काहीच बोलला नव्हता.

“नहीं,” मी म्हणालो. आवाज जरा मोठाच झाला. “ये मैंने किया. इसने मना किया था. मैं गुड़ बनाता हूँ, मुझे लगा मुझे सब आता है.”

बाबांनी हात पुढे केला. माझा हात धरून बोटांनी चाचपला. काकवीच्या चटक्यांचे जुने वण मनगटापर्यंत आहेत.

“तुम आगवाला,” ते म्हणाले. “हमारा काम ठहरने का है.”

त्यांनी दार उघडायला सांगितलं, वाकून आत गेले आणि रांजणापाशी जमिनीवर बसले. सरीच्या तोंडाशी तळहात धरला. आम्ही तिघं दारात घामानं निथळत उभे. थेंब पडला. बऱ्याच वेळानं दुसरा. मुलगा एकदा “यल्ला, बाबा, चलो” म्हणाला, पण ते हलले नाहीत. तळहातात चमचाभर साठलं, थंड झालं, दाट झालं, तेव्हा चाटलं. मग मुलाशी अरबीत काहीतरी बोलले. मुलानं खांदे उडवले, पण मान डोलावली.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

दत्तारामचे डोळे भरले होते. “पुढल्या सालची पोती विणाया घे म्हनाले.”

संध्याकाळी विकास आला तेव्हा दत्तारामनं मला काकवीची एक छोटी बाटली दिली. सकाळपासून रांजणात पडलेला थेंब न् थेंब तिच्यात होता. माझा तीन किलो गूळ मी त्याच्याकडे ठेवून आलो. त्या उकळलेल्या गोळ्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

गावी परतल्यावर लोक विचारायला आले, दुबई कशी आहे, इमारती किती उंच आहेत. मी म्हटलं, नंतर सांगतो. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन गुंडूच्या दारात गेलो. बारा वर्षांत त्या बोळात पाय ठेवला नव्हता. तो अंगणात खाटेवर बसला होता, केस पार पांढरे झालेले.

“काय हाय ह्ये?” त्यानं बाटली उन्हात धरून बघितली.

“खजुराची काकवी. बिनआगीची.” मग एका दमात बोलून टाकलं, “गुंडू, ते आदण मी जाळलं होतं. माझा डोळा लागला होता.”

“मला तवाच म्हाईत हुतं. तुमी घोरत हुतासा.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“तुमी बोलशिला म्हनून वाट बघत हुतो,” गुंडू म्हणाला, आणि भाकरी आणायला त्यानं घरात हाक मारली.