जावई गाडीतून उतरेना

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच आहात म्हणा, पण निदान तोंडातला चहा गिळून घ्या.

मी भोरच्या कॉलेजात भूगोल शिकवतो. पन्नाशी उलटली, केस गेले, पण एक खूळ काही गेलं नाही. होस्टेलवर असताना माझ्या कपाटाच्या दाराला आतून एका लाल इटालियन गाडीचं चित्र चिकटवलेलं होतं. लांबलचक नाक, दोनच दारं आणि पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. नव्वदच्या दशकातली तीच गाडी पुण्यातल्या एका गृहस्थांनी विकायला काढली. मी नुसती बघायला गेलो आणि घेऊनच आलो.

सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "अहो, यात बसायचं की निजायचं?"

मी ऐकलं नाही. तेवढी अक्कल असती तर गाडी घेतली असती का?

त्यात अधिक महिना लागलेला. जावयाला धोंडे खायला बोलवायचं, त्याचा मान करायचा, असा हा महिना. गुंजवण्याहून सासऱ्यांचं आमंत्रण आलंच होतं. अशा वेळी गाडी घरी ठेवून जाणारा जावई अजून जन्माला यायचाय.

मार्गासनी येईपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला गाडीचं पोट घासत होतं, आणि तो दगडासारखा क्लच दाबून दाबून माझी कंबर कुरकुरायला लागली होती. सासऱ्यांच्या दारात गाडी थांबवली आणि कंबर धरलीच.

सासूबाई ओवाळायला ताट घेऊन पुढं आल्या. सुनंदा उतरली. मी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला. दुसरा येईना! अंगणात निम्मं गाव गाडी बघायला जमलेलं. एवढ्या लोकांसमोर 'कंबर अडकली' म्हणून सांगायचं? मी पाय आत घेतला, दार ओढलं आणि समोर राजगडाकडं बघत बसून राहिलो.

चुकलं ते इथं. धोंड्याला आलेला जावई दारात येऊन गाडीतच बसून राहिला, तर त्याचा आमच्याकडं एकच अर्थ होतो.

"रुसलं पाव्हणं," मागून कुणीतरी म्हणालं.

थोरला मेहुणा विलास खिडकीशी वाकला. "दाजी, आमचं काय चुकलं का?"

"नाही हो. बसतो जरा."

"बसतो म्हंत्यात," त्यानं वळून सगळ्यांना सांगितलं. "लईच रागात हायेत."

मग टॉवेल-टोपी आली. मी नको म्हणालो. अनारशांचं ताट आलं, तेही नको म्हणालो. मी नको म्हटलं की आत पळापळ वाढायची. "बोकड कापला असता दाजी," धाकटा मेहुणा काकुळतीला येऊन म्हणाला, "पर अधिक महिना हाय न्हवं."

शेवटी सासरे बाहेर आले. मी त्यांना मामा म्हणतो, सुनंदा आबा. ऐंशीच्या घरातला माणूस, हातात घडीचा भगवा फेटा. त्यांनी गाडीचं दार उघडलं. गाडी इतकी बुटकी, की माझ्याशी बोलायला त्यांना अंगणात उकिडवं बसावं लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाव्हणं, म्या वळखलं," मामा हळू आवाजात म्हणाले. "लग्नात तुमाला फेटा बांधला न्हाई. त्या साली खाचरं धरणात गेली, घर हलवायचं चाललं हुतं. देवळात उरकलं समदं. तुमी कदी बोलून दावलं न्हाई, पर मला ठावं हाय. तवापास्नं हितं रुतून बसलंय." आणि त्यांनी छातीवर हात ठेवला.

देवाशपथ सांगतो, मला तो फेटा आठवतसुद्धा नव्हता. आणि हा माणूस इतकी वर्षं ते मनात घेऊन माझ्याशी हसून बोलत आला होता. म्हटलं बास, खरं सांगून मोकळं व्हावं. "मामा, तसं नाही हो, माझी..."

दुसऱ्या खिडकीतून सुनंदा आत वाकली होती. माझा कमरेवरचा हात बघून तिला केव्हाच उमगलं होतं. डोळे भरलेले, पण आवाज दटावणीचा. "गप बसा," ती कुजबुजली. "बांधू द्या आबांना."

मी डोकं पुढं केलं. मामांनी उकिडव्यानंच फेटा बांधला. गाडीचं छत आडवं येत होतं, तरी एकेक वेढा नीट बसवला.

"आता मानानं उतरवा रं त्यांना," मामा म्हणाले.

दोघा मेहुण्यांनी काखेत हात घालून मला उपसून काढलं. अशी कळ गेली म्हणता! डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बगा, पाव्हण्यांना भरून आलं," म्हणत सासूबाईंनीही डोळ्यांना पदर लावला. रडत तर मी होतोच. त्यातलं कमरेचं किती आणि मामांचं किती, ते मलाही सांगता येणार नाही.

पाटावर तिरका बसून धोंडे खाल्ले. मामा समोर बसून बघत होते. त्यांचा इतका मोकळा चेहरा मी तोवर पाहिला नव्हता. संध्याकाळी विलासच्या टेम्पोत आडवा पडून, फेट्यासकट भोरला आलो. वाटेत सुनंदानं बजावलं, "तुम्ही रुसला होतात. जन्मभर लक्षात ठेवा."

गाडी विकून टाकली. मग दसऱ्याला सोनं द्यायला दोघं एसटीनं गुंजवण्याला गेलो. मामा गाडीची वाट बघत फाट्यावर उभे होते. मला एसटीतून उतरताना बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"पाव्हणं," त्यांनी माझा हात हातात घेतला, "गाडी सोडून एसटीनं? परत रुसलात व्हय?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. सुनंदानं कोपर ढोसलं.

"थोडासा," मी म्हणालो.