साहेबांच्या मनगटावरचा ससाणा

साहेबांच्या मनगटावर ससाणा बसला होता आणि मी त्यांचा फोटो काढत होतो.

"जरा लांबून काढ रे," साहेब मराठीत म्हणाले. "पारधी ना तू! पाखरू दिसलं की तोंडाला पाणी सुटायचं. इथंच भाजशील."

ऑफिसातले सगळे मराठी हसले. त्यांच्या बायकाही.

दोह्याबाहेर वाळवंटात मेजवानी होती. स्टेडियमचं काम वेळेत चाललं म्हणून कतारी क्लायंटनं दिलेली. ससाणा त्याचाच. आणि मला इंजिनिअरची ही नोकरी साहेबांनी दिलेली. घरातला पहिला पदवीधर मी. त्यांच्या पाया पडलो होतो. तेव्हा ते म्हणाले होते, "जात कुणाला सांगू नकोस. लोक पाकिटं सांभाळत बसतील." मी तेही उपकार म्हणूनच ऐकलं. आज त्यांनीच सांगून टाकली. हसवायला.

"शिकार म्हणजे तुमची केवढी थोर संस्कृती!" साहेब क्लायंटला इंग्रजीत म्हणत होते.

माझा बाप दोन तितरांसाठी तुरुंगात गेला. आम्ही फासेपारधी. फास लावून तितर धरणारे. कायदा आमचाही होता. अंड्यावरची तितरी फासात आली तर सोडायची. न सोडणाऱ्याला जातपंचायत दंड करायची. बापानं तो कायदा कधी मोडला नाही. कोर्टात हे कुणी विचारलं नाही. पोलिसांनी एवढंच विचारलं, "आणखी काय काय चोरलंस?" शाळेत कुणाचं पेन हरवलं की दप्तर माझं उलटं व्हायचं.

"सगळे का हसले?" क्लायंटनं विचारलं.

"नथिंग सर. ऑफिस जोक," साहेब म्हणाले.

मी मोबाइल खाली घेतला. तो जोक क्लायंटला इंग्रजीत सांगितला. शब्दन् शब्द. मग बापाचं सांगितलं.

आता कुणी हसलं नाही.

"तुझा बाप तितर कशानं धरायचा?" क्लायंटनं विचारलं.

"फासानं."

त्यानं साहेबांच्या मनगटाकडे बोट केलं. "हाही फासानंच धरलाय. कबुतराच्या पाठीवर फास बांधतात. ससाणा झडप घालतो, नखं अडकतात." एवढं बोलून तो चहाकडे वळला. त्याचा विषय संपला.

माझा नाही.

परतताना बसमध्ये साहेब शेजारी येऊन बसले. "उपकार विसरलास. तुझा व्हिसा खलास करीन."

"करा," मी म्हणालो.

"तो फोटो तेवढा पाठव."

पाठवला. मराठी मंडळाच्या ग्रुपवर. खाली लिहिलं, 'हा ससाणा फासानं धरलेला आहे. तसाच फास लावला म्हणून माझ्या बापाला तुरुंग झाला. मी फासेपारधी.' आणि माझं नाव, आडनावासकट.

मला माफी नको. त्या दिवशीचं त्यांचं हसू मला त्यांच्या तोंडावरून उतरवायचं आहे. नोकरी जाईल तर जाऊ दे. पदवी साहेबांनी दिलेली नाही. दोह्यात असोत की पुण्यात, साहेब जिथं संस्कृतीवर बोलायला उभे राहतील, तिथं मी पहिल्या रांगेत बसेन. त्यांचं भाषण रंगात आलं की उठेन आणि तो जोक सांगेन. त्यांची मुलंही ऐकत असतील, त्यांना मराठी नीट कळत नाही.

म्हणून इंग्रजीत सांगेन.