कोरियाची शिष्यवृत्ती आणि माझा पासपोर्ट

१. आज सकाळी मी रसायनीला कामावर असताना एक गृहस्थ भिसेगावला आमच्या घरी आले.
२. कोरियन अभ्यासाच्या शिष्यवृत्तीसाठी माझी निवड झाल्याचं पत्र त्यांनी आईला दाखवलं.
३. आईने त्यांना माझा पासपोर्ट दिला.

"अगं, माझ्या माहेरचे हायत, साजगावचे. त्यांच्याकडं पावती कशी मागू गं?" आई म्हणाली.

निवड अजून जाहीरच झालेली नाही, आणि अर्जात पासपोर्टची फक्त प्रत मागितली होती. पत्रावरचा नंबर बंद आहे. मी पोलिसांत तक्रार दिली. पासपोर्ट परत मिळाला नाही, तर खरोखर निवड होऊनही माझं जाणं राहील.

अर्जाबद्दल मी फक्त या ग्रुपवर लिहिलं होतं, घरीही बोलले नव्हते. ते बाहेर कुणी सांगितलं, हे गुरुवारपर्यंत मला कळवा.