शंभूला विकलं त्या सकाळी

आधीच सांगते — मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. एकदा वर्गातल्या एका मुलीच्या आईनं पोरीची दृष्ट काढायला मंतरलेलं लिंबू आणलं, तर मी त्याचं सरबत करून त्या पोरीलाच पाजलं होतं. तेव्हा भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी कधी काही लिहीन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. इथले अनुभव मी नवऱ्याला वाचून दाखवायचे ते हसायला म्हणून. आता मला कोणी हसलं तरी चालेल... जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. घरात आता यावर कोणी बोलत नाही, म्हणून इथे.

माझं सासर तासगाव, माहेर उंब्रज. आणि माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्याकडे मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क धरतात. कोणी जबरदस्ती केली नव्हती हं, संदीप मला लहानपणापासून आवडायचा. लग्नात जो तो म्हणाला, पोरगी घरातल्या घरात गेली, काळजी मिटली. संदीपचं बेदाण्याचं शेड आहे. मी सांगलीला विश्रामबागच्या शाळेत एसटीनं जाऊन-येऊन करायचे. ओवी झाली, चार वर्षांनी शंभू झाला. सुखात होतो हो आम्ही, खरंच सुखात होतो.

ओवी पहिलीत असताना पडायला लागली. सपाट फरशीवर, चालता चालता. मग बोलताना शब्द अडायला लागले. ही पोरगी म्हणजे रेडिओ होती, झोपेतसुद्धा बडबडायची! ती "पाणी" म्हणायला तोंड उघडायची आणि नुसती बघत राहायची. मग नजरही गेली. सांगली झाली, मिरज झाली, पुणं झालं, शेवटी मुंबईत रक्ताच्या तपासणीत त्या आजाराचं नाव सापडलं. नाव इतकं लांबलचक की आत्यानं ते कधी उच्चारलंच नाही, ती अजून "त्ये दुखणं" म्हणते. शरीरातला कचरा साफ करणारं एक रसायन या मुलांमध्ये तयारच होत नाही. तो कचरा मेंदूत साठत जातो आणि एकेक दिवा विझत जातो.

डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही दोघं नात्यातले का?"

संदीप "हो" म्हणाला आणि त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही.

दरवर्षी दहावीला आनुवंशिकता मीच शिकवते. फळ्यावर चार चौकोन काढते — आईकडून एक जनुक, बापाकडून एक, दोन्ही बिघडलेली आली तर मूल आजारी. चारातल्या एका चौकोनात असं होतं. माझी दोन्ही मुलं त्याच चौकोनात बसली होती. शंभूचाही रिपोर्ट तोच आला, तेव्हा तो अंगणात तीनचाकी पळवत होता. गावजेवणासारखं थाटात झालेलं आमचं लग्न, आणि त्याच लग्नातून हे आलं. आत्या तर महिनाभर माझ्याशी बोलली नाही. माझा राग नव्हता तिला, तिचा तिलाच होता.

मग औषधाचा शोध सुरू झाला. अशा मुलांच्या आईबापांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, देशभरातून जेमतेम मूठभर लोक. तिथं कळलं की परदेशातली एक कंपनी काही मुलांना औषध देते. बरं करत नाही, पण आजार जिथं आहे तिथं थोपवून धरतं. अट एकच — मूल अजून चालतं-बोलतं पाहिजे. आम्ही तरी दोन्ही मुलांसाठी अर्ज केला. वर्षभर ईमेल, फोन, परत रिपोर्ट, परत फोन. आणि एका दुपारी मुंबईहून डॉक्टरांचा फोन आला. शंभूची निवड झाली होती. ओवीचं विचारलं तर ते म्हणाले, "ताई, तिच्या बाबतीत आता उशीर झालाय. तिला आवाज ऐकू येत असतील, पण अर्थ लागत नाही. तुम्ही मुलाकडे बघा."

ते वर्षभर, आणि त्यानंतरही, आम्ही सगळं तिच्या खाटेशी बसूनच बोलत होतो. फोन तिथंच, भांडणं तिथंच. तिला अर्थ लागत नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो.

आता मूळ गोष्ट. शंभूला पहिल्या डोससाठी मुंबईला न्यायचं होतं, त्याच्या आदल्या सकाळी आत्यानं विषय काढला. ज्या घरात मूल टिकत नाही तिथं ते सुपात घालून शेजारणीला विकायची आमच्याकडे जुनी रीत आहे. शेजारणीनं पसाभर ज्वारी द्यायची, आईनं पाठ फिरवून म्हणायचं — माझं न्हवं, तुझं. म्हणजे मूल न्यायला जे कोणी येतं, त्याला या घरात ते सापडतच नाही.

"आत्या, मी विज्ञान शिकवते गं," मी म्हटलं.

"व्हय, शिकीव की. मी कुठं नगं म्हणतीया? औषधबी दे आन् ह्येबी कर. म्हातारीचं एवढं ऐक."

मला हसू आलं, पण तिचं तोंड बघून मी तयार झाले. आमची शेजारीण जैबुनभाभी — तिचा नवरा शेडवर बॉक्सचं काम बघतो, आणि दोन्ही मुलं माझ्याइतकीच तिच्या अंगाखांद्यावर वाढलीत. ती ओच्यात ज्वारी घेऊन आलीच. "द्या इकडं माझा माल," म्हणून शंभूला गुदगुल्या केल्या. ओवी तिथंच, पुढच्या सोप्यातल्या खाटेवर होती, तिचं डोकं आत्याच्या मांडीवर. संदीप मोबाइलवर शूटिंग करत होता. शंभू मोठा झाल्यावर त्याला दाखवू, म्हणाला.

शंभू काही सुपात मावेना. कसाबसा उकिडवा बसला आणि खिदळायला लागला. मी पाठ फिरवली. "माझा न्हवं, तुझा," अगदी नाटकात म्हटल्यासारखं म्हणून मोकळी झाले. भाभीनं माझ्या पदरात पसाभर ज्वारी ओतली आणि त्याला उचलून कडेवर घेतलं.

आणि मागून आवाज आला —

"आई, मला पण विक ना."

ओवीचा आवाज. जरासा घोगरा, सर्दी झाल्यावर व्हायचा तसा. एक अक्षर तुटलं नाही. दीड वर्षात त्या पोरीच्या तोंडून कण्हण्यापलीकडे काही निघालं नव्हतं.

मी वळले. भाभीही वळली. ओवीचे डोळे नेहमीसारखे छताकडे होते, ओठाच्या कडेनं लाळ येत होती. भाभीनं शंभूला खाली ठेवलं, खाटेशी गेली आणि म्हणाली, "व्हय गं माझी बाय, तुलाबी घेती. तुला कशी सोडीन?"

"कुनाशी बोलतीयास गं?" आत्यानं विचारलं.

आत्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. ओवीचं डोकं तिच्या मांडीवर, आणि ती शपथेवर सांगते की पोरीचे ओठसुद्धा हलले नाहीत. संदीपलाही काही ऐकू आलं नव्हतं. तो मोबाइल धरून नुसता उभा होता.

भाभी मला म्हणाली, "आवं बाई, बघताय काय? म्हणा की लवकर. पोरगी मागतीया."

आम्ही सूप ओवीच्या डोक्याखाली सरकवलं. मी पाठ फिरवली... आणि मला बोलता येईना. शंभूच्या वेळी चेष्टा होती ती. माझी न्हवं, कसं म्हणू? नऊ महिने पोटात वाढवलेली, पहिली लेक! आत्या रडत होती, संदीप "राहू दे, राहू दे" करत होता. शेवटी म्हटलं. कसं म्हटलं ते माझं मला माहीत. भाभीनं उरलेली ज्वारी माझ्या पदरात टाकली आणि ओवीच्या कपाळाचा मुका घेतला.

तो व्हिडिओ आहे अजून. त्यात आवाज नाही. म्हणजे शंभूचं खिदळणं आहे, रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर आहे, माझं "माझा न्हवं" आहे. ओवीचं काही नाही. पण एका क्षणाला मी आणि भाभी, दोघी एकदम, एकाच झटक्यात खाटेकडे वळतो. आम्ही तेव्हा एकमेकींचं तोंडसुद्धा बघत नव्हतो. नंतर मी भाभीला वेगळं बसवून विचारलं, तू काय ऐकलंस? तिनं तेच शब्द सांगितले, "ना" सकट. मुंबईत डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मेंदूचे फोटो बघता तिला पूर्ण वाक्य जुळवणं शक्य नाही. ताणामुळे भास होतो म्हणाले. बरं, दोघींना एकच भास?

ओवी गेली, द्राक्षाचा सीझन सुरू व्हायच्या जरा आधी. छातीत कफ झाला आणि दवाखान्यात दोन रात्रीही काढल्या नाहीत. भाभी माझ्याहून मोठ्यानं रडली. म्हणाली, "माझीबी हुती ओ ती." शंभूला औषध चालू आहे. अजून चालतो, बोलतो, मला "आई" आणि भाभीला "अम्मी" म्हणतो. हा औषधाचा गुण आहे. विक्रीचा नाही, हे मला पक्कं माहीत आहे. विक्रीचा असता तर ओवीही राहिली असती.

पण त्या आवाजाचं काय करू? कधी वाटतं तो खराच होता, माझ्या लेकीनं मला जाण्याआधी एकदा "आई" म्हटलं. मग जीव जरा शांत होतो. आणि लगेच मनात येतं, नको, खरा नको. खरा असेल तर तिला सगळं कळत होतं. म्हणजे तिच्या उशाशी बसून मी फोनवर बोलले होते, "ओवीचं आता राहू दे डॉक्टर, शंभूला तेवढं वाचवा" — ते तिनं ऐकलं होतं.